जपानचा विकास आणि लांबणीवर टाकलेले निर्णय

२२ फेब्रुवारी २०२४ रोजी टोकियो शेअरबाजाराचा निक्केई निर्देशांक ३९,०९८ वर बंद झाला आणि २९ डिसेंबर १९८९ रोजी नोंदला गेलेला ३८,९१५ चा उच्चांक अखेर मागे पडला. एका उच्चांकापासून दुसऱ्या उच्चांकापर्यंत पोहोचण्यास जपानला ३४ वर्षे लागली. १९९० च्या एप्रिलमध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, नोकरीत शिरलेला पदवीधर या दिवशी निवृत्तीच्या वाटेला लागला होता. ज्या देशाचे राष्ट्रीय उत्पन्न १९५५ ते १९७३ या काळात दरसाल सरासरी नऊ टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत होते, त्याच देशाला ही दरी ओलांडण्यासाठी एक संपूर्ण पिढी का खर्ची घालावी लागली, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अभ्यासकांपुरता मर्यादित नाही. विकासाची स्वप्ने पाहणाऱ्या प्रत्येक देशाने तो स्वतःला विचारला पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर बहुधा जपानी माणसाच्या स्वभावात शोधले जाते. शिस्त, काटकसर, कष्टाळूपणा, संस्थेवरील निष्ठा या गुणांमुळे जपान मोठा झाला, असे पाठ्यपुस्तकांपासून व्याख्यानांपर्यंत सर्वत्र सांगितले जाते. हे गुण खरे आहेत. परंतु त्यांनी उत्कर्षाचा उलगडा होत असेल, तर पुढील कुंठितावस्थेचा उलगडा कशाने करावयाचा? माणसे तीच होती; १९९० नंतर त्यांची शिस्त सुटली नव्हती की काटकसर ओसरली नव्हती. तेव्हा हे कोडे सुटायचे असेल, तर जपानने विकासासाठी कोणती साधने घडविली आणि त्यांचे काम संपल्यावर त्यांचे काय केले, हेच तपासावे लागेल.

सुरुवात करणारे सरकार

१८६८ च्या मैजी सत्तांतरानंतर नव्या राज्यकर्त्यांपुढे भांडवलाचा प्रश्न उभा होता. १८७२ मध्ये सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना जाहीर झाली. १८७३ मध्ये जमिनीच्या किमतीच्या तीन टक्के इतका सारा रोख रकमेत आकारण्यात आला. आधुनिकीकरणाचा प्रारंभीचा खर्च मुख्यतः या साऱ्यातून, म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातून, भागविला गेला. त्याविरुद्ध उठाव झाले आणि १८७७ मध्ये दर अडीच टक्क्यांवर आणावा लागला. १८७२ मध्येच सरकारने तोमिओका येथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने रेशमाची आदर्श गिरणी उभारली. तेथे काम शिकलेल्या मुली पुढे गावोगावच्या गिरण्यांतून शिक्षिका म्हणून गेल्या. १८९३ मध्ये ही गिरणी मित्सुई घराण्यास विकण्यात आली. सरकारने जोखीम पत्करून एखादे काम सुरू करावे आणि ते रुजल्यावर त्यातून अंग काढून घ्यावे, ही रीत जपानने अशी आरंभीच आत्मसात केली होती. पुढे नेमका याच रीतीचा विसर पडला.

या पहिल्या उत्कर्षाशी मुंबईचा जवळचा संबंध होता. १८९३ मध्येच जमशेटजी टाटा यांनी निप्पॉन यूसेन कैशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी करून मुंबई ते कोबे असा जहाजमार्ग सुरू केला. ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला शह देऊन हिंदी कापूस जपानी गिरण्यांना पोहोचविणे हा त्यामागील हेतू होता. चाळीस वर्षांनी याच गिरण्यांच्या स्वस्त कापडाने मुंबईच्या गिरणधंद्याला जेरीस आणले. १९३३ मध्ये बिगरब्रिटिश सुती कापडावरील जकात ७५ टक्क्यांपर्यंत चढविण्यात आली, तेव्हा जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला. गिरणीमालकाला जपानी कापड नको होते, कापूस पिकविणाऱ्याला जपानी गिऱ्हाईक हवे होते. शेवटी १९३४ च्या करारात कापसाची खरेदी आणि कापडाची आयात यांची सांगड घालून ही कोंडी फोडावी लागली.

मात्र हा उत्कर्ष लष्करशाहीच्या दावणीला बांधला गेला होता. तैवान, कोरिया आणि मांचुरिया गिळंकृत करीत गेलेल्या त्या वाटचालीचा शेवट १९४५ मध्ये बेचिराख शहरांत झाला.

बचतीचा ओघ आणि त्याचे पाट

युद्धोत्तर विकासाची मांडणी वेगळ्या पायावर झाली. अमेरिकी अंमलाखाली जमीनसुधारणा होऊन कुळे जमिनीची मालक झाली. मोठ्या उद्योगघराण्यांची मक्तेदारी मोडण्यात आली. १९४९ मध्ये येनचा दर डॉलरला ३६० असा निश्चित झाला. १९५० मध्ये भडकलेल्या कोरियन युद्धामुळे अमेरिकी लष्कराच्या मागण्यांचा वर्षाव झाला आणि बंद पडलेले कारखाने पुन्हा धडधडू लागले.

परंतु योगायोगाने आलेली संधी टिकविण्यासाठी यंत्रणा लागते. ही यंत्रणा कुटुंबाच्या बचतीवर उभी होती. शिक्षक, कारकून, दुकानदार आणि कामगार आपल्या मिळकतीतील मोठा हिस्सा बँकेत किंवा पोस्टात ठेवीत. ठेवींवरील व्याजाचे दर सरकारी नियंत्रणाखाली कमी ठेवलेले असत. पोस्टातील बचत अर्थखात्याच्या हाती जाऊन तिच्यातून रस्ते, वीज, घरे आणि उद्योग यांना कर्जे दिली जात. ही योजना इतकी विस्तारली की तिला दुसरा अर्थसंकल्प म्हटले जाऊ लागले. मोठ्या बँका आपल्या ठेवींहून अधिक कर्जे देत आणि तूट बँक ऑफ जपानकडून भरून काढीत. त्यामुळे कोणत्या बँकेने किती कर्ज द्यावे, हे मध्यवर्ती बँक अनौपचारिक सूचनांनी ठरवू शके. परकीय चलनाची किल्ली १९४९ मध्ये स्थापन झालेल्या व्यापार व उद्योग मंत्रालयाकडे होती. प्रत्येक मोठ्या कंपनीच्या पाठीशी एक प्रमुख बँक उभी होती आणि कंपनीतील नोकर निवृत्तीपर्यंत कंपनीचाच राहत असे.

पंतप्रधान हायातो इकेदा यांनी १९६० मध्ये जाहीर केलेली राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना हा या व्यवस्थेचा कळस होता. ओसामू शिमोमुरा या अर्थतज्ज्ञाच्या विचारांचा तिच्यावर ठसा होता. दहा वर्षांत उत्पन्न दुप्पट करावयाचे, तर दरसाल ७.२ टक्के वाढ आवश्यक होती. प्रत्यक्षात हे उद्दिष्ट सुमारे सात वर्षांतच साध्य झाले. १९६१ मध्ये जागतिक बँकेकडून घेतलेल्या ८ कोटी डॉलरच्या कर्जाचा हातभार लागून टोकियो ते ओसाका हा अतिवेगवान रेल्वेमार्ग १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाला. १९६८ मध्ये जपानने पश्चिम जर्मनीला मागे टाकले आणि बिगरसाम्यवादी जगात अमेरिकेखालोखालचे स्थान मिळविले.

या यशाचे सारे श्रेय नोकरशहांच्या दूरदृष्टीला देण्याची प्रथा आहे; ती तपासून घ्यावयास हवी. पुढे सोनी म्हणून प्रसिद्धीस आलेल्या लहानशा कंपनीस १९५३ मध्ये ट्रान्झिस्टरचे तंत्र विकत घ्यावयाचे होते, तेव्हा आवश्यक त्या डॉलरची परवानगी देण्यास याच मंत्रालयाने कित्येक महिने घेतले. मोटारधंद्यात नव्या कंपन्यांची गर्दी नको, हे मंत्रालयाचे धोरण न जुमानता मोटारसायकली बनविणारी होंडा कंपनी १९६३ मध्ये मोटारींकडे वळली. नोकरशाहीने दिशा दाखविली हे खरे, पण कारखानदारांनी वेळोवेळी ती मोडली म्हणूनही जपान पुढे गेला.

मिनामाताचा धडा

निर्णय लांबणीवर टाकण्याची किंमत कोण मोजतो, हे या भरभराटीच्या काळातच दिसून आले होते. क्यूशू बेटावरील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्यामुळे जडलेला मज्जासंस्थेचा दारुण विकार १९५६ मध्ये उजेडात आला. मासे खाऊन जगणारी कोळी कुटुंबे त्याला बळी पडली. कारखान्याचे सांडपाणी हेच कारण असल्याचे सरकारने अधिकृतपणे मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी आणि विष निर्माण करणारी उत्पादनपद्धती कारखान्याने स्वतःच बंद केल्यानंतर. विकासाच्या गतीला धक्का लागू नये म्हणून सत्य दडपले गेले. मात्र लोकक्षोभ अनावर होताच १९७० च्या एकाच अधिवेशनात जपानी संसदेने प्रदूषणविषयक १४ कायदे संमत केले आणि पुढील वर्षी पर्यावरणासाठी स्वतंत्र खाते निर्माण केले.

१९७३ च्या तेलसंकटातही हीच क्षमता दिसली. १९७४ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंचे भाव २० टक्क्यांहून अधिक चढले आणि युद्धोत्तर काळात प्रथमच राष्ट्रीय उत्पन्नात घट झाली. त्या वर्षी कामगारांनी सुमारे ३३ टक्के वेतनवाढ पदरात पाडून घेतली. पण पुढच्याच वर्षी संघटनांनी १३ टक्क्यांच्या आसपास समाधान मानले आणि भाववाढीचे चक्र थांबले. ॲल्युमिनियमसारखे भरमसाट वीज खाणारे उद्योग आवरते घेण्यात आले आणि काटकसरीने इंधन वापरणाऱ्या मोटारी व इलेक्ट्रॉनिक वस्तू यांवर भर देण्यात आला. संकट बाहेरून आले आणि त्याचा घाव सर्वांना दिसला, म्हणजे जपान झपाट्याने वळू शकत होता. खरी परीक्षा पुढे, संकट समृद्धीच्या रूपाने आले तेव्हा झाली.

फुगवटा

१९८० च्या सुमारास जपानने पाश्चात्त्य देशांची बरोबरी साधली होती. भांडवलाचा तुटवडा संपला होता. बड्या कंपन्यांना बँकेच्या दाराशी जाण्याची गरज उरली नव्हती. परंतु बचतीचा ओघ तसाच चालू होता आणि देशात त्याला पुरेसे काम नसल्याने तो निर्यातीच्या रूपाने बाहेर पडत होता. अमेरिकेशी व्यापारी तंटे वाढले. २२ सप्टेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलरचे मूल्य उतरविण्याचा करार केला. तेव्हा डॉलरला सुमारे २४० येन पडत; १९८७ अखेर हा दर १२० च्या आसपास आला.

निर्यातदारांची ओरड शमविण्यासाठी बँक ऑफ जपानने आपला व्याजदर पाच टक्क्यांवरून फेब्रुवारी १९८७ पर्यंत अडीच टक्क्यांवर आणला आणि मे १९८९ पर्यंत तेथेच ठेवला. भाव स्थिर होते, म्हणून धोक्याची जाणीव झाली नाही. मोठे उद्योग गिऱ्हाईक म्हणून हातचे गेलेल्या बँकांनी जमिनीच्या तारणावर कर्जे वाटली. जमिनीचे भाव चढले की तारणाचे मूल्य वाढे, मूल्य वाढले की आणखी कर्ज मिळे. सहा मोठ्या शहरांतील व्यापारी जमिनींचे भाव पाच वर्षांत तिपटीच्या घरात गेले. सामान्य नोकरदाराला घर घेणे अशक्य होऊन बसले. मग मध्यवर्ती बँकेने घाईघाईने सूत्रे आवळली. ऑगस्ट १९९० पर्यंत व्याजदर सहा टक्क्यांवर गेला. १९९२ च्या ऑगस्टमध्ये निक्केई १५,००० च्याही खाली घसरला होता.

टाळलेला हिशेब

फुगवटे अनेक देशांत येतात आणि फुटतात. जपानचे वैशिष्ट्य हे की, तो फुटल्यानंतर नुकसानीचा हिशेब मांडण्याचे काम सात-आठ वर्षे टाळले गेले. जमिनीचे भाव पुन्हा चढतील या आशेवर बँका बुडीत कर्जदारांना नवी कर्जे देत आणि त्यातून जुन्या कर्जाचे व्याज वसूल झाल्याचे दाखवीत. अर्थखात्याने याकडे डोळेझाक केली, कारण एक बँक बुडाली तर लोकांचा सर्वच बँकांवरील विश्वास उडेल, अशी भीती होती. १९९६ मध्ये गृहकर्ज देणाऱ्या कंपन्यांचे दिवाळे निस्तरण्यासाठी ६८,५०० कोटी येन खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा एवढा जनक्षोभ उसळला की बँकांना सार्वजनिक पैसा देण्याचा विषय काढण्यासही राजकारणी धजेनात.

१९९७ च्या एप्रिलमध्ये उपभोग कर तीन टक्क्यांवरून पाचवर गेला आणि नोव्हेंबरमध्ये होक्काइदो ताकुशोकू बँक व यामाइची ही रोखे कंपनी एकाच महिन्यात कोसळली. १९९८ मध्ये दोन मोठ्या पतसंस्थांचे राष्ट्रीयीकरण करावे लागले आणि १९९९ मध्ये प्रमुख बँकांत सुमारे साडेसात लाख कोटी येन सार्वजनिक भांडवल ओतावे लागले. जे १९९२ मध्ये कमी खर्चात आणि कमी वेदनेने झाले असते, ते सात वर्षांनी सर्वस्वी नाइलाज झाल्यावर झाले.

या विलंबाच्या बाजूने एक युक्तिवाद करता येतो आणि तो क्षुल्लक नाही. दिवाळखोर कंपन्यांना तगवून ठेवल्यामुळे लक्षावधी लोकांच्या नोकऱ्या वाचल्या. एवढ्या पडझडीतही बेकारीचे प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपासच थांबले. आयुर्मान वाढतच राहिले आणि समाजजीवनाची घडी विस्कटली नाही. अन्य देशांत अशा प्रसंगी झालेले हाल पाहता हे यश मान्य केलेच पाहिजे.

परंतु ज्यांच्या नोकऱ्या वाचल्या ते आत होते. किंमत मोजली ती दाराबाहेर उभ्या असलेल्यांनी. जपानी कंपन्या दरवर्षी एप्रिलमध्ये नव्या पदवीधरांची एकदम भरती करतात. त्या वर्षी दार बंद राहिले, तर पुढे ते उघडणे दुरापास्त. पंचेचाळिशीतील कर्मचाऱ्याला काढावयाचे नाही, म्हणून कंपन्यांनी बावीस वर्षांच्या मुलांना घेणे थांबविले. साधारणपणे १९९३ ते २००५ या काळात शिक्षण संपविलेल्या या पिढीला जपानमध्ये ‘नोकऱ्यांच्या हिमयुगातील पिढी’ म्हणतात. त्यांतील असंख्यांच्या वाट्याला कंत्राटी आणि अर्धवेळ कामे आली. १९९० मध्ये अशा अनियमित नोकरदारांचे प्रमाण सुमारे एकपंचमांश होते. ते पुढे एकतृतीयांशाच्याही वर गेले. सरकारने या पिढीसाठी खास योजना आखली ती २०१९ मध्ये. तोवर तिच्यातील अनेकांनी चाळिशी ओलांडली होती.

शून्य व्याज आणि रिकामे पाळणे

हिशेब टाळल्याचे परिणाम दोन बाजूंनी उगवले. पहिली बाजू पैशाची. भाव घसरू लागले, तसा बँक ऑफ जपानने १९९९ मध्ये व्याजदर शून्यावर आणला, २००१ पासून रोखे खरेदी करून पैसा ओतण्यास आरंभ केला, २०१३ मध्ये दोन टक्के भाववाढीचे उद्दिष्ट जाहीर करून ही खरेदी अनेक पटींनी वाढविली आणि २०१६ मध्ये व्याजदर शून्याच्याही खाली नेला. तो पुन्हा शून्याच्या वर आला मार्च २०२४ मध्ये. सरकार दरम्यान कर्ज काढून खर्च करीत राहिले आणि सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक झाले. हे कर्ज बहुतांशी देशातीलच आहे, म्हणून बाहेरच्या सावकाराचा तगादा नाही. पण त्याच कारणाने व्याजदर थोडा वाढला तरी अर्थसंकल्पावरील भार वाढतो. आणि वाढविला नाही, तर येन घसरून आयात होणारे अन्न व इंधन महाग होते. ज्या कुटुंबांच्या पोस्टातील बचतीवर देशाची उभारणी झाली, त्यांच्या पदरी मात्र पाव शतक व्याज म्हणून जवळजवळ काहीच पडले नाही.

दुसरी बाजू लोकसंख्येची. १९४९ मध्ये जपानमध्ये सुमारे २७ लाख मुले जन्मली. २०२४ मध्ये हा आकडा सात लाखांच्या खाली गेला. कामकरी वयाची लोकसंख्या १९९५ च्या सुमारास आणि एकूण लोकसंख्या २००८ मध्ये शिखरावर पोहोचून उतरणीला लागली. जन्मदर घटणे ही सर्वच संपन्न देशांतील प्रवृत्ती आहे. तथापि जपानमध्ये तिला नोकरीच्या अनिश्चिततेने हात दिला. युद्धोत्तर पिढीची मुले संख्येने मोठी होती; त्यांनी संसार थाटण्याचे वय आणि हिमयुग ही नेमकी एकत्र आली. ज्याला स्थिर नोकरी नाही त्याचे लग्न होणे कठीण आणि विवाहाबाहेर मूल होण्याची रीत तेथे जवळपास नाही. दीर्घ तासांची नोकरी आणि घराचा सारा भार यांच्या कात्रीत सापडलेल्या स्त्रीने एकाची निवड केली, तर तो दोष तिचा नव्हे. व्याजदर उशिरा का होईना बदलता येतो. परंतु त्या दहा-बारा वर्षांत न जन्मलेली मुले कोणत्याही अर्थसंकल्पातून निर्माण करता येत नाहीत.

परदेशी कामगारांच्या प्रश्नातही तोच संकोच दिसतो. १९९३ पासून ‘प्रशिक्षणार्थी’ या नावाखाली मजूर आणले गेले. कामगार म्हणून त्यांना उघडपणे दार किलकिले झाले ते २०१९ मध्ये. ऑक्टोबर २०२३ मध्ये परदेशी कामगारांची संख्या २० लाखांवर गेली होती. पण हे पाहुणे आहेत की भावी नागरिक, याचे स्पष्ट उत्तर देण्याचे टाळले जाते.

दोन कर्जांची तुलना

मुंबई ते अहमदाबाद या अतिवेगवान रेल्वेमार्गाची पायाभरणी सप्टेंबर २०१७ मध्ये झाली. त्यासाठी जपानने ५० वर्षांच्या मुदतीने आणि अवघ्या ०.१ टक्के व्याजाने कर्ज देऊ केले. या दराची त्या वेळी बरीच वाखाणणी झाली. परंतु १९६१ चे कर्ज शेजारी ठेवले की या आकड्याचा दुसरा अर्थही ध्यानात येतो. तेव्हा जपानकडे करण्यासारखे पुष्कळ होते आणि भांडवल थोडे होते, म्हणून तो बाजारभावाने व्याज देऊन कर्ज काढीत होता. २०१७ मध्ये त्याच्याजवळ भांडवल उदंड होते, पण मायदेशी त्याला जवळजवळ मोल उरले नव्हते. इतक्या स्वल्प व्याजात औदार्य असेल. त्या देशाच्या दुखण्याचे लक्षणही त्यात आहे.

जपानने हेवा वाटावा असे पुष्कळ कमावले आणि आजही तो जगातील सर्वांत संपन्न व सुरक्षित समाजांपैकी एक आहे. त्याच्या इतिहासापासून घ्यावयाचा बोध म्हणूनच अधिक गंभीर आहे. स्वस्त ठेवी, प्रमुख बँक, आजन्म नोकरी, निर्यातीवरील भर, ही सारी साधने आपल्या काळी योग्य होती. पण प्रत्येक साधनाभोवती त्यावर जगणारा एक वर्ग तयार होतो आणि साधनाचे काम संपल्यावरही ते टिकावे यासाठी तो झटतो. त्याचे म्हणणे दर वेळी समंजस वाटते, कारण तो आजची नोकरी, आजची बँक, आजची शांतता वाचवीत असतो. उद्याची बाजू मांडणारा त्या बैठकीत कोणी नसतो. तोमिओकाची गिरणी उभारणाऱ्या सरकारला ती केव्हा विकावी हेही कळले होते. त्याच्या वारसांना हे शहाणपण जपता आले असते, तर एप्रिलच्या भरतीत नाकारल्या गेलेल्या त्या मुलांपैकी पुष्कळांचे आयुष्य वेगळे झाले असते.